दहाव्याला आलेलं हसू

काकांचा दहावा संगम माहुलीला होता. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या घाटावर सकाळी सकाळी आम्ही सगळे पायऱ्यांवर मागे सरकून उभे, समोर पिंड ठेवलेले, आणि बाजूला द्रोणांमधे काकांच्या आवडीचं एकेक मांडलेलं. बटाट्याची भजी, बशीत ओतलेला चहा, आणि दादाने येताना साताऱ्यातून बांधून आणलेली जिलबी. ही जिलबी म्हणजे आमच्या घरातला जुना वाद. काकांना डायबेटिस, आणि काकूंनी निम्मं आयुष्य गोडाचे डबे लपवण्यात घालवलेलं, कधी पिठाच्या डब्यामागे, कधी देवघराखालच्या कपाटात, तरी काका ते शोधून काढायचेच आणि मग दोघांचं कडाक्याचं वाजायचं. तर आता सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळे होते भरपूर, पिंपळावर बसून आमच्याकडे बघतही होते, पण खाली एक येईल तर शपथ. मग सुरू झालं नेहमीचं. पुतणे पुढे होऊन हात जोडून म्हणाले काका विहिरीच्या वाटणीचं आम्ही समजुतीने करतो, दादा म्हणाला बाबा आईची काळजी करू नका, कुणीतरी राहिलेल्या एका लग्नाचं नाव घेतलं, काही नाही. शेवटी गुरुजी म्हणाले वहिनी तुम्ही बोला, जीव तुमच्यात अडकला असेल. काकू दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि अगदी घरात जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, या आता, ऊन वाढतंय."

आणि कावळा आला. आला तो पिंडांना वळसा घालून सरळ जिलबीपाशी, चोचीत मावेल तेवढी उचलली आणि गेला.

"बघा," काकू म्हणाल्या, "शेवटी जिलबीच." आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदर तोंडावर दाबला तरी खांदे गदागदा हलतायत, डोळ्यातून पाणी वाहतंय, श्वास पुरत नाहीये. मग आमच्या वहिनीला, दादाच्या बायकोला, हसू आलं, मग मला, मग दादा पाठ फिरवून नदीकडे बघत उभा राहिला पण त्याचीही पाठ हलत होतीच. गुरुजी खाली बघून उगाच दर्भ नीट करत बसले. थोड्या वेळाने दुसरा कावळा शहाण्यासारखा येऊन पिंडाला शिवला आणि सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. पण भांडी आवरताना माझ्या मागे नात्यातल्या एक बाई दुसरीला हळूच म्हणाल्या (हळूच म्हणजे मला ऐकू जाईल इतपत), "दहा दिवस नाही झाले आणि हसतेय बघ. सुटली एकदाची, दुसरं काय."

सुटली एकदाची. ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पुण्याला परत आल्यावर रात्री झोप येईना म्हणून मोबाईल घेतला आणि मयताच्या वेळी माणसं का हसतात असं इंग्रजीत टाइप करायला घेतलं, तर अर्ध्यातच गुगलने पुढचे शब्द स्वतःच भरून दिले. म्हणजे हा प्रश्न एवढ्या लोकांनी विचारून ठेवलाय! जगभरात कुठे कुठे किती माणसं अशा रात्री आडवी पडून हेच शोधत असतील कोण जाणे. मला त्यात आधी बरं वाटलं आणि मग जरा विचित्रही वाटलं, कारण विचारणारे बहुतेक सगळे स्वतःबद्दल विचारत होते. मी वाईट आहे का, माझ्यात काही बिघाड आहे का.

मग वाचत गेले. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हसण्यावर काम करायचं ठरवलं तेव्हा प्रयोगशाळेत लोकांना विनोदी फिती दाखवून बघितल्या आणि लोक फारसे हसलेच नाहीत. म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी वहीपेन घेऊन बाहेर पडले, मॉलमधे, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात लोक हसले की त्याच्या आधी काय बोललं गेलं ते टिपायचं. असे 1200 प्रसंग जमवले. त्यातल्या फार तर 10 ते 20 टक्के हसण्याआधी विनोद म्हणावं असं काहीतरी होतं. बाकी सगळं हसू कशावर, तर बरं मी निघतो, अरे हा बघ आला, तुला भेटून छान वाटलं, अशा वाक्यांवर. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो. त्यांचंच अजून एक निरीक्षण म्हणजे माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या जवळजवळ तीसपट चारचौघात हसतो. हे वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला दुसरं काही ऐकूच येईना. ऑफिसच्या कॉलवर "हो सर, उद्यापर्यंत देतो, हा हा", भाजीवालीशी "अहो मावशी, एवढे कुठे असतात का, हॅहॅ", माझ्या आईचा फोन तर दर वेळी "बरं ठेवते मग" आणि एक छोटं हसू असाच संपतो, त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला विचारलं तर ती परत हसली. मुंबईच्या हास्यक्लबाचीही हीच गोष्ट. डॉ. मदन कटारियांनी 1995 मधे अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली ती विनोद सांगून, थोड्याच दिवसांत बरे विनोद संपले आणि उरले ते घाणेरडे, मग त्यांनी विनोद काढूनच टाकले आणि लोक विनाकारण हसायला लागले. आणि चाललं की.

म्हणजे आपण हसू आलं की त्यामागे गंमत शोधतो, आनंद शोधतो. तिथेच बहुतेक घोळ आहे.

मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, येल युनिव्हर्सिटीतला, साध्यासुध्या माणसांना सांगायचं की समोरच्याचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या, आणि झटका वाढवत न्यायचा. (झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) सांगणाऱ्याचं ऐकून माणूस कुठपर्यंत जातो हे दाखवायला तो प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. पण 1963 च्या त्या मूळ लेखात अजून एक गोष्ट आहे जी कुणी फार सांगत नाही. 40 पुरुषांपैकी 14 जण झटके देताना हसत होते. त्यातल्या तिघांना तर हसण्याचे अक्षरशः झटके आले, ज्ञानकोश विकणारा एक सेल्समन होता त्याला इतकं जोरात की प्रयोग थांबवावा लागला. आणि नंतर ही माणसं आवर्जून सांगत होती की आम्ही तसले नाही हो, आम्हाला मजा येत नव्हती. मी ते वाचताना थांबले. काकूंनी घाटावर कुणाला काहीच स्पष्टीकरण दिलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. डार्विनने पण 1872 च्या पुस्तकात पॅरिसच्या वेढ्याच्या वेळच्या जर्मन सैनिकांबद्दल लिहिलंय, की जिवावरच्या संकटातून आल्यावर ही माणसं अगदी फुटकळ विनोदावर मोठमोठ्याने हसत सुटायची. आणि त्यानेच असंही लिहून ठेवलंय की खूप हसून झालेला चेहरा आणि खूप रडून झालेला चेहरा यात फरक करणं कठीण असतं.

आमच्या सोसायटीत एक आजोबा होते, कडक माणूस, जिन्यात ते दिसले की मुलं सगळी गप्प व्हायची. त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यानंतर कुणी भेटायला गेलं की ते ढसाढसा रडायचे, आणि मधेच, काही कारण नसताना, हसायचे. लोक म्हणायचे झटक्यानंतर हळवे झालेत बिचारे. पण त्यांची सून सांगायची की ते स्वतः नंतर कसंबसं बोलून दाखवतात, मला वाईट वाटत नाहीये गं, हे आपोआप होतंय. तेव्हा आम्हाला वाटायचं लाज वाटते म्हणून सांगत असतील. आता कळतं की ते शब्दशः खरं होतं. हसण्यारडण्याची यंत्रणा मेंदूत खोल, पार खाली आहे, आणि वरचा भाग, कपाळामागचा, तिच्यावर ब्रेक ठेवून असतो. मुद्दाम हसायचं असेल, फोटोसाठी वगैरे, तर रस्ता वेगळा, आणि आतून उसळून येतं त्याचा रस्ता वेगळा. स्ट्रोकमधे किंवा काही आजारांत हा ब्रेकच तुटतो आणि मग रडू किंवा हसू येतं त्याचा आत काय वाटतंय याच्याशी संबंधच राहत नाही. आपला ब्रेक शाबूत असतो, पण दहा दिवस झोप नाही, घरात माणसांची रीघ, कपाटाच्या चाव्यांपासून डेथ सर्टिफिकेटपर्यंत सगळं एकटीने बघितलेलं, एवढ्यावर तो किती चालेल?

अजून एक वाचलं त्याने तर मला गार केलं. लॉस एंजेलिसला फिट्स येणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूची तपासणी चालू होती, ती जागी, आणि डॉक्टर मेंदूच्या एकेका जागी अगदी कमी करंट देऊन बघत होते. डाव्या बाजूच्या एका छोट्याशा जागी, जेमतेम दोन सेंटीमीटर बाय दोन सेंटीमीटर, करंट दिला की ती हसायची. कमी दिला तर नुसतं स्मित, वाढवला तर खळखळून. इथवर ठीक. पण तिला विचारलं का हसलीस, तर दर वेळी ती कारण सांगायची आणि दर वेळी वेगळं. समोरच्या चित्रातला घोडा मजेशीर आहे. तुम्ही सगळे असे उभे आहात ना, तेच इतकं गमतीशीर आहे. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. 1998 मधे हे 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय. हसू आधी आलं, आणि कारण मेंदूने मागून शोधून चिकटवलं. ती मुलगी निदान स्वतःच्या हसण्याचं कारण शोधत होती. आमच्या त्या बाईंनी दुसऱ्याच्या हसण्याचं कारण शोधलं, आणि ते सुद्धा भांडी घासता घासता.

तरी मला राग पूर्ण करता येईना. कारण हा हिशोब काही त्यांनी एकट्यांनी शोधलेला नाही. माझी आजी कुणाच्याही मयताहून आली की हातपाय धुवून आधी हेच सांगायची, धाकटी फार रडली, मोठीच्या डोळ्याला टिपूस नाही. कोण किती रडलं यावरून कुणाचा किती जीव होता ते ठरायचं, आणि ते वर्षानुवर्षं लक्षात राहायचं, भावाभावांच्या भांडणात वीस वर्षांनी निघायचं. पुरुषांची त्यातून बरीचशी सुटका. पुरुष नाही रडला तर खंबीर. दादा नदीकडे तोंड करून हसला तेव्हा लोकांना वाटलं तो रडतोय, दोन जणांनी तर त्याच्या पाठीवरून हातही फिरवला. काकूंना ती सोय नव्हती. त्यांच्याकडे तर सगळे बघतच होते, आल्यापासून.

आणि ही मापं नवी थोडीच आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधमांचे. उत्तम माणसाचे दात दिसत नाहीत किंवा दिसलेच तर जरासे. आणि अपहसित म्हणजे काय, तर नको त्या ठिकाणी आलेलं हसू, डोळ्यात पाणी, खांदे आणि डोकं हलतंय असं. मी ते वर्णन वाचलं आणि मला घाटावरच्या काकू जशाच्या तशा दिसल्या. दीडदोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतकं नेमकं बघितलं होतं, खांदे हलतात इथपर्यंत, डोळ्यात पाणी येतं इथपर्यंत, आणि सगळं बरोबर टिपून मग त्यावर अधम असा शिक्का मारला. नटांसाठीचा ग्रंथ आहे, कुठल्या पात्राने कसं हसावं ते सांगायचं होतं, हे मान्य. तरीपण.

शाळेत आमचे एक गणिताचे सर अचानक गेले होते. आवडते होते ते, हे मी मुद्दाम सांगतेय. मैदानात शोकसभा, दोन मिनिटं मौन, पायाखाली तापलेली माती, आणि त्या शांततेत माझ्या पुढच्या मुलीच्या पोटात गुरगुर झाली. बस. मी ओठ चावले, गाल आतून चावले, वाईट वाईट आठवायचा प्रयत्न केला, सरांचा चेहरा आणला डोळ्यासमोर, पण त्याने उलट अजूनच आतून ढकलल्यासारखं झालं. शेजारची बघते तर तिचेही खांदे हलायला लागलेले, आणि एकीकडून दुसरीकडे, पूर्ण रांगच्या रांग. नंतर बाईंनी आम्हाला ऑफिसबाहेर उभं केलं आणि तिथे उभ्या राहून आम्ही सगळ्या हुंदके देऊन रडलो, शिक्षेसाठी नव्हे, सरांसाठी, हे कुणी खरं मानलं नाही. टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, 1962 मधे काशाशा नावाच्या गावात मुलींच्या शाळेत असंच हसू सुरू झालं होतं. 159 पैकी 95 मुलींना ते झालं, तासन्‌तास, काहींना दिवसच्या दिवस, शेवटी शाळा बंद करावी लागली. मुली घरी गेल्या तसं ते त्यांच्या गावांमधेही गेलं. लोक ही गोष्ट किती मजेशीर म्हणून सांगतात. पण त्या मुली हसत होत्या तशा रडतही होत्या, घाबरून पळत होत्या. देश नुकताच स्वतंत्र झालेला, बोर्डिंग शाळेची शिस्त, मुलींवर कसला ना कसला ताण असणार आणि तो बोलायची काही सोय नसणार, असं त्यावर अभ्यास करणारे म्हणतात. मला ते पटतं. निदान आमच्या रांगेपुरतं तरी.

मग एक दिवस डेकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं 1997 चं काम वाचनात आलं. नवरा किंवा बायको जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांशी ते बोलले, गेलेल्या माणसाबद्दल बोलताना त्यांचे चेहरे व्हिडिओवर टिपले. बरेच जण बोलता बोलता हसले. त्यातलं नुसतं ओठांचं हसू वेगळं काढलं आणि डोळ्यांभोवतीचे स्नायूही हलतात ते खरं हसू वेगळं. ज्यांचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं होतं त्यांच्यात राग कमी होता, आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं जास्त बरं चाललं होतं, आणि अनोळखी लोकांना ते व्हिडिओ दाखवले तर त्यांनाही हीच माणसं जवळची वाटली. वाचून मला आधी झालं की हे प्रिंट काढून त्या बाईंना पोस्टाने पाठवावं. मग वाटलं कशाला. काकूंना अमेरिकेतून सर्टिफिकेट आणून द्यायची गरज काय आहे. आणि समजा त्या बाई म्हणाल्या त्यात थोडं तथ्य असेल तर? शेवटची तीन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा साताऱ्याला नेणं आणणं, पथ्य, पाण्याचं माप, चिडलेला माणूस. त्या खरंच सुटल्या असतील. मग? सुटल्यासारखं वाटणं आणि जीव तुटणं ही दोन्ही एकाच बाईला एकाच सकाळी होऊ शकतात, त्यात एकामुळे दुसरं खोटं कसं पडतं ते मला कुणी समजावून सांगावं.

दिवाळीत गेले तेव्हा मी काकूंजवळ विषय काढला, घाबरत घाबरतच. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मला माहितीये कोण काय म्हणालं ते. मला पण ऐकू येतं." मग जरा वेळाने म्हणाल्या, "अगं मला त्या कावळ्याचा रागच आला आधी. एवढी वर्षं मी राखलं आणि हा आला आणि घेऊन गेला. आणि मग एकदम वाटलं, खा बाबा, आता कुठे साखर मोजायचीये." इथे त्या परत हसल्या, आणि मग लसणाचं ताट बाजूला सारून बऱ्याच रडल्या, आणि मी काय करू ते न कळून लसूण सोलत बसले.

एक फरक मात्र पडलाय. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीची आई गेली म्हणून आम्ही चारपाच जणी समाचाराला गेलो. तोच तो हॉल, सोफ्यावर चादर, फोटोला हार, सगळ्यांचे आवाज खाली, काय झालं होतं, किती दिवस अॅडमिट होत्या, वय काय, मग कुणाला काही सुचेना. मैत्रीण मधेच म्हणाली, आई आयसीयूमधे शुद्धीवर आली तेव्हा पहिलं काय बोलली माहितीये, नर्सला म्हणाली तुमच्याकडे उपमा फार फडफडीत करतात, जरा तूप घालत जा. आणि बोलून तीच दचकली, आमच्या तोंडाकडे बघायला लागली. सगळ्याजणी खाली बघत होत्या. मी हसले. चांगली मोठ्याने हसले, दात दिसतील अशी. आतल्या खोलीतून तिच्या सासूबाई डोकावून गेल्या. मैत्रिणीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, चहाचा कप खाली ठेवला, आणि म्हणाली, थांब, रिक्षावाल्याचा किस्सा ऐक, मीटरवरून त्या माणसाला आईने घरी आणून जेवायला बसवला होता.